त्यांना कशाला त्रास

नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात मी करत असलेल्या गुणवत्तेच्या ऑडिटचा शेवटचा तास चालू होता. गाड्यांसाठी शीट मेटलचे पार्ट्स काढणारं मध्यम युनिट. पलीकडच्या शेडमध्ये प्रेस पडत राहते आणि दर ठोक्याला मीटिंग रूममधल्या चहावर बारीक वर्तुळं उमटतात. तासाभरात त्याची इतकी सवय होते की जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबली की उलट आपण दचकतो. समोरच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला ऑर्गनायझेशन चार्ट होता आणि त्यात प्लांट हेडच्या चौकटीत नावाच्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. मी सवयीनं विचारलं, ही जागा कधी भरताय? मालक म्हणाले, चाकणहून एक जण यायला तयार आहे, पगारावर अडलंय. मग माझ्या शेजारी बसलेल्या क्वालिटी हेड मॅडमकडे हात करून अगदी मनापासून म्हणाले, "खरं सांगू का, आमच्या मॅडमना सगळं येतं. प्लांट त्याच चालवतात म्हणा ना. पण म्हटलं, त्यांना कशाला त्रास द्यायचा? घर आहे, सासूबाई आजारी असतात, मुलगी दहावीला." मॅडम हसल्या आणि कॅलिब्रेशनच्या फाइलचं पान उलटून पुढचं सर्टिफिकेट त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

एवढंच घडलं. कुणाचा आवाज चढला नाही, कुणाचा अपमान झाला नाही. पण परतताना गरवारे पॉइंटला ट्रकच्या मागे अडकले तेव्हा ते वाक्य डोक्यात होतं आणि संध्याकाळी कुकर लावतानाही होतं. त्या मॅडम त्या कंपनीत सतरा वर्षं आहेत. कस्टमरची लाइन थांबली की रातोरात चाकणला धावणाऱ्या त्याच. परक्या प्लांटच्या कोपऱ्यात स्टूलवर बसून, आपल्याच कंपनीच्या पेट्या उघडून, एकेक पीस गेज लावून चांगला-वाईट वेगळा करणाऱ्या त्याच. पहाटे तीन वाजता तिथल्या इंजिनिअरची बोलणी ऐकून घेणाऱ्याही त्याच. तेव्हाही घरी सासूबाई होत्या आणि मुलगी तर आणखी लहान होती. त्या रात्रींच्या त्रासाचा हिशोब कुणी मांडला नव्हता. त्रासाची आठवण झाली ती खुर्ची रिकामी झाल्यावर.

माझं काम असं की सारखे नवनवे चार्ट बघायला मिळतात. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे. भिंती बदलतात, चौकटींची मांडणी फारशी बदलत नाही. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, टूल रूम, डिस्पॅच या चौकटींत पुरुषांची नावं. क्वालिटी, एचआर, अकाउंट्स, स्टोअर्समध्ये बायकांची. खाली जिथे नावं लिहीत नाहीत, नुसता आकडा लिहितात, तिथे वायरिंग हार्नेसच्या आणि वाइंडिंगच्या लाइनवर मुलीच मुली असतात, कारण त्यांचे हात नाजूक चालतात आणि त्या कमी बोलतात असं सुपरवायझर उघडपणे सांगतात. त्या लाइनच्या टोकाला उभा असलेला लाइन लीडर बहुतेक वेळा मुलगा असतो. पहिली पायरी तिथेच सुटते, आणि ती सुटल्याची नोंद कुठल्याही फाइलीत होत नाही. प्लांट हेडच्या चौकटीकडे जाणारी रेघ प्रॉडक्शनमधून वर जाते. क्वालिटीतून निघालेली रेघ आडवी जाते आणि बाजूला थांबते.

एमआरचं, म्हणजे मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्हचं पद तर मला फार छळतं. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाची 2015 ची आवृत्ती आली तेव्हा या पदाची सक्ती त्यातून काढून टाकली. अपेक्षा अशी होती की गुणवत्तेची जबाबदारी वरिष्ठांनी स्वतः घ्यावी, एका माणसावर टाकून मोकळं होऊ नये. आपल्याकडे ते पद अजून जागच्या जागी आहे आणि कितीतरी युनिट्समध्ये एमआर एखादी बाई असते. सगळ्या विभागांच्या त्रुटींबद्दल उत्तर तिनं द्यायचं, आणि एकाही विभागाला आदेश द्यायचा अधिकार तिला नाही. ऑडिटच्या आदल्या रात्री आठ वाजता मेंटेनन्सच्या माणसामागे फिरून ती ब्रेकडाउनचं रजिस्टर पुरं करून घेते. ते रजिस्टर तिला तोंडपाठ असतं. कोणतं मशीन महिन्यातून कितीदा आणि का बंद पडतं हे तिला मालकापेक्षा जास्त कळतं. पण तिचा बायोडेटा वाचणारा माणूस म्हणतो, डॉक्युमेंटेशनचा अनुभव आहे, शॉप फ्लोअरचा नाही.

शॉप फ्लोअरचा अनुभव मिळतो कुठे हे मला नव्वदच्या दशकातल्या सातपूरनं शिकवलं. डिप्लोमा करून मी ट्रेनी म्हणून लागले ती जागा त्रिंबक रोडच्या अलीकडे, एका मोठ्या शेडमध्ये. आत शिरलं की कूलंटचा आंबूस वास, तेलानं काळी पडलेली फरशी, पत्र्याच्या छपरातून येणारे उन्हाचे पट्टे. बायकांसाठी स्वच्छतागृह ऑफिसच्या इमारतीत, म्हणजे शेडपासून सगळा पार्किंगचा पट्टा ओलांडून. म्हणून मी सकाळी पाणी प्यायचंच टाळायचे. आमच्यातल्या सगळ्याच टाळायच्या. फोरमनकाका फार भला माणूस. साडेसहा वाजले की स्वतः येऊन सांगायचे, "पोरी, आवर आता, बस सुटेल." फॅक्टरी ॲक्ट 1948 चं कलम 66 तेव्हा त्यांना पाठ होतं: कारखान्यात बाईनं काम करायचं ते सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत. त्या कलमामागचा हेतू संरक्षणाचा होता आणि ज्या काळात ते आलं त्या काळात त्याची गरजही होती, हे मी आजही मानते.

पण सात वाजायच्या आतच बंद पडायचं बंधन मशीनवर नव्हतं. डायमधला पंच, म्हणजे पत्र्याला भोक पाडणारा भाग, तुटायचा तो रात्री साडेनऊला. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर माझ्या बरोबरीचे ट्रेनी सांगत असायचे की काकांनी अडकलेला पत्र्याचा तुकडा कसा काढला, पंच ग्राइंड करून खाली पातळ पत्र्याची शिम टाकून उंची कशी जुळवली, पहिला चांगला पीस पडला तेव्हा दोन वाजले होते आणि मग सगळ्यांनी पाथर्डी फाट्याला जाऊन अंडाभुर्जी खाल्ली. मी ऐकायचे. वहीत लिहूनही घ्यायचे. पण तुटलेला पंच हातात घेऊन त्याची कड बघणं आणि त्याबद्दल वहीत लिहिणं यात जे अंतर आहे ते तीस वर्षांत भरून निघत नाही. त्याहून मोठं अंतर त्या अंडाभुर्जीचं होतं. त्या रात्री काकांना कळलं की या पोरावर मशीन सोडून घरी जाता येईल. माझ्याबद्दल त्यांना काहीच कळलं नाही, कारण मी तेव्हा कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून सुखरूप घरी निघाले होते.

पुढे ती बंदी महाराष्ट्रात अटींसह सैल झाली. बाईची संमती, ने-आणीची सोय, सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्रपाळी चालते. कलमाची जागा आता काळजीनं घेतली आहे.

सुधा मूर्तींच्या पोस्टकार्डाची गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असते, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. मला त्या गोष्टीत आता वेगळंच काही दिसतं. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, त्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलेलं होतं. छापलेलं होतं म्हणून ते एका विद्यार्थिनीला वाचता आलं, त्याचा राग आला, आणि राग थेट जेआरडी टाटांच्या नावानं पोस्टात टाकता आला. नकाराला पत्ता होता. अंबडच्या त्या मीटिंग रूममधल्या नकाराला पत्ता नाही. तो नकार कुणी दिलाच नाही; कौतुकाच्या वाक्यात तो मिसळून गेला, आणि ज्यांना दिला त्यांनी तो हसून स्वीकारला. यावर पोस्टकार्ड कुणाला लिहायचं? आणि काय लिहायचं, की माझी काळजी घेऊ नका?

त्या मालकांना खलनायक करून हा लेख लिहिता आला असता, पण ते खरं झालं नसतं. सासूबाईंचं ऑपरेशन होतं तेव्हा त्यांनी मॅडमना पगार न कापता सुट्टी दिली, हॉस्पिटलचं डिपॉझिट स्वतः भरलं. मॅडमच्या मुलीच्या क्लासची चौकशी ते करतात. अशी माणसं नाशिकच्या कारखानदारीत पुष्कळ आहेत. एका शेडपासून सुरुवात करून, सकाळी स्वतः शटर उघडून मोठी झालेली, कामगाराच्या घरच्या लग्नाला न चुकता जाणारी. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. दुष्टपणाशी भांडायची भाषा आपल्याकडे आहे. चांगुलपणानं अडवलेल्या वाटेबद्दल कसं बोलायचं हे मलाही अजून नीट सापडलेलं नाही, पण गप्प बसणंही आता जमत नाही.

काळजीच्या जोडीला हिशोबही असतो, आणि तो हिशोब उघड्यावर मांडायला हवा. 2017 साली प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. बाईच्या शरीराला आणि बाळाला ती रजा हवीच. पण पैसे कोण देतं ते बघा. ज्या कामगार बाईचा पगार महिना 21,000 च्या आत आहे तिच्या रजेचा पगार ईएसआय, म्हणजे वर्गणीवर चालणारी कामगार राज्य विमा योजना, देतं. मालकाच्या खिशाला त्याची थेट झळ लागत नाही. जिचा पगार त्या मर्यादेच्या वर गेला, म्हणजे जी इंजिनिअर झाली, सुपरवायझर झाली, वर चढायला लागली, तिच्या सहा महिन्यांचा सगळा पगार मालकानं द्यायचा. म्हणजे नेमक्या ज्या पायरीवर मुलगी ऑपरेटरमधून अधिकारी होते, त्याच पायरीवर ती छोट्या युनिटला अचानक महाग वाटायला लागते. 50 पेक्षा कमी माणसं असतील तर पाळणाघराचंही बंधन नाही, आणि आपल्या एमआयडीसीतली किती शेडं त्या आकड्याच्या आतली आहेत हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मग सत्तावीस वर्षांच्या मुलीला इंटरव्ह्यूमध्ये लग्नाचं विचारलं जातं. सरळ विचारत नाहीत, "नाशिकमध्येच राहणार ना पुढे?" असं विचारतात. हा भार एकट्या मालकावर न टाकता सगळ्यांच्या वर्गणीतून उचलला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. ईएसआयची पद्धत कामगारासाठी चालते तर इंजिनिअरसाठी का चालू नये?

वरच्या मजल्यावरचे कायदे आपण बरेच केले. कंपनी कायदा 2013 नं लिस्टेड कंपन्यांच्या बोर्डावर किमान एक महिला संचालक सक्तीची केली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची मुदत 1 एप्रिल 2015 ला संपायची होती आणि त्याआधीच्या आठवड्यांत नेमणुकांची झुंबड उडाली. अनेक बोर्डांवर प्रवर्तकांच्या बायका, मुली, वहिनी येऊन बसल्या. पुढे नियम घट्ट झाला. 2019 पासून पहिल्या 500 आणि 2020 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना किमान एक स्वतंत्र महिला संचालक घ्यावीच लागते. त्याचा उपयोग झाला. कितीतरी बोर्डांवर आज कर्तबगार बायका आहेत. पण खुर्ची वरून खाली सोडता येते, जिना वरून खाली बांधता येत नाही. त्या खुर्चीपर्यंत पोचायचा नेहमीचा रस्ता रात्रपाळीतून, ब्रेकडाउनमधून, पगारवाढीच्या करारातून, बंद पडलेल्या प्लांटला पुन्हा उभं करण्यातून जातो. तिथे कोणताही कायदा कुणाला नेऊन उभा करत नाही. तिथे कुणीतरी विचारावं लागतं.

लहान प्रमाणावर तीच गोष्ट मी नाशिकमध्ये रोज बघते. युनिटच्या कागदांवर बाईचं नाव असतं. काही योजनांना ते लागतंच. 2025 पर्यंत चाललेल्या केंद्राच्या स्टँड-अप इंडिया योजनेत महिला उद्योजकाला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत कर्ज मिळायचं आणि त्यासाठी 51 टक्के हिस्सा तिचा असावा लागायचा. काही जणी खरोखर सगळा व्याप सांभाळतात, सकाळी आठला शेडवर हजर असतात. पण कित्येक घरांत सीए कडून आलेल्या कागदांवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात, सही कुठे करायची ते दाखवणाऱ्या. वहिनी ओट्यापाशीच पदराला हात पुसतात, उभ्या उभ्या सह्या करतात आणि कागद परत देतात. एका घरात मी विचारलं, काय होतं त्यात? त्या म्हणाल्या, बँकेचं काहीतरी आहे. त्या कर्जाला त्यांचं मंगळसूत्र नाही, पण त्यांचं नाव आणि त्यांच्या माहेरून आलेला प्लॉट गहाण होता. अधिकार नाही आणि जोखीम मात्र पुरी, असं हे मालकपण.

मुलींचं आणखी वेगळं. महाराष्ट्रानं 1994 साली आणि देशानं 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. कारखान्याच्या जमिनीत हिस्सा देणारे बाप मला भेटलेत, कारखान्याची किल्ली देणारे फार थोडे. बी.ई. झालेली मुलगी अकाउंट्स आणि वेबसाइट बघते. मुलाला मशीनमध्ये रस नसला तरी पर्चेस आणि कस्टमर त्याच्या हातात जातात, कारण मुलगी उद्या सासरी जाणार. ती गेलीच नाही, इथेच कॉलेज रोडला राहिली, रोज स्कूटरवरून शेडला येत राहिली, तरी ती उद्या जाणारच असते.

आणि मग हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, ज्याला आपण सगळे गोल्फ क्लब म्हणतो. सकाळी साडेसहाला तिथल्या ट्रॅकवर जे घोळके चालतात त्यांच्यात नाशिकची निम्मी कारखानदारी असते. कुठल्या मोठ्या कंपनीचं नवं मॉडेल येतंय, कोणाचं टूलिंग चुकलं, कोणाला माणूस हवाय, कोणता माणूस सुटतोय, हे सगळं दोन फेऱ्यांत कळतं. बायकाही तिथे चालतात, पण डबे करून, मुलांना व्हॅनमध्ये बसवून येतात तोवर हे घोळके पोह्यांपाशी पोचलेले असतात. कुणीच त्यांना येऊ नका म्हटलेलं नाही. चाकणचा तो माणूस मालकांना कसा कळला असेल याचा मी अंदाज करते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हाच ट्रॅक येतो. जाहिरात आली नव्हती, कंपनीत नोटीस लागली नव्हती. कुणीतरी कुणालातरी चालता चालता सांगितलं असेल.

माझी एक मैत्रीण सरकारी बँकेत अधिकारी आहे. तिथे एक गोष्ट चांगली आहे: तिथे विचारतात. प्रमोशनची यादी निघते, परीक्षा असते, मुलाखत असते. तिनं दोनदा प्रमोशन नाकारलं. प्रमोशनबरोबर बदली येते आणि बदली म्हणजे परराज्यातलं एखादं शहर. "अगं, मुलाची बारावी होती, यांची शिफ्ट ड्युटी," ती सांगते. तिच्या नवऱ्याची बदली नागपूरला झाली होती तेव्हा तो गेला, तीन वर्षं राहिला, आणि घर चालू राहिलं. तिची झाली तर घर बंद पडणार, हे घरात कुणी बोललं नाही, सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं. नाशिकरोडहून सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं बघते आहे. मुंबईतल्या हेड ऑफिसातली बढती घेतली पण बिऱ्हाड हलवलं नाही अशा. पहाटे चारला उठून दोन वेळचा स्वयंपाक, गाडीत बसल्यावर वेणी, इगतपुरी गेली की लॅपटॉप उघडायचा, रात्री घरी यायला दहा. त्यांचा मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी पोटात तुटतंही. आपल्या शहरातल्या बाईनं वर चढायची किंमत झोपेनं का मोजावी?

अरुंधती भट्टाचार्य 2013 मध्ये स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. स्टेट बँकेनं बायकांना मुलांसाठी, घरच्या आजारपणासाठी दोन वर्षांची रजा घेऊन परत येता येईल अशी सोय केली. मला यातला परत येण्याचा भाग महत्त्वाचा वाटतो. दोन वर्षं बाहेर गेलेली बाई तिथून पुढे चालू शकते. खासगी कारखान्यात दोन वर्षं बाहेर गेलेली बाई परत आली की ट्रेनीच्या रांगेत उभी राहते, तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुलांच्या मागे. थरमॅक्सच्या अनू आगा एचआर सांभाळत होत्या आणि 1996 मध्ये पतीच्या अचानक मृत्यूनंतर कंपनीच्या प्रमुख झाल्या. एचआरमधली बाई इंजिनिअरिंग कंपनी चालवू शकते याचा याहून मोठा पुरावा काय हवा? तरी आपण त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवतो. लीला पूनावाला 1967 साली पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन निघाल्या आणि पुढे अल्फा लावल इंडियाच्या प्रमुख झाल्या, तोही अपवाद. आपल्याकडे अपवाद सांगायला माणसं फार तत्पर असतात.

अंबडच्या त्या मॅडमचा नंतर एका त्रुटीच्या पूर्ततेसाठी फोन आला. काम झालं, आणि मी विचारलंच, तुम्हाला हवी होती का ती जागा? पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगू मॅडम, माहीत नाही. विचारलं असतं तर घरी गेले असते, यांच्याशी बोलले असते, दोन रात्री झोप लागली नसती. कदाचित नाहीच म्हणाले असते. पण ते नाही मी म्हणाले असते ना." मग लगेच आवाज बदलून म्हणाल्या, "चाकणचे साहेब आलेत. चांगले आहेत. त्यांना मीच सगळं दाखवतेय सध्या."

ते नाही मी म्हणाले असते.

या वाक्यानंतर मी एक सवय लावून घेतली आहे. ऑडिटमध्ये माणसांच्या पात्रतेचं कलम येतं, तिथे रिकाम्या जागेबद्दल मी विचारते: आतल्या कोणाकोणाला विचारलंत? मानकात हा प्रश्न नाही, त्यावर मी शेरा मारू शकत नाही, चहा पिताना विचारते. काही मालक चिडतात. एक जण म्हणाले, ऑडिट करा, समाजसेवा नको. पण काही जण थांबतात. त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं की हे नाव त्यांना सुचलंच नव्हतं, ते नाव समोरच्या खुर्चीवर बसून त्यांचे कागद लावत असतानाही.

सिन्नरला एका ठिकाणी असं विचारलं गेलं, ते माझ्यामुळे नव्हे. तिथल्या मालकांच्या थोरल्या मुलानं कारभार हातात घेतल्यावर असेंब्लीतल्या एका इंजिनिअर मुलीला विचारलं, "थर्ड शिफ्टची इनचार्ज होशील का? लगेच सांगू नकोस." ती निफाडकडची, द्राक्षबागेतली, थंडीत पहाटे बागेला शेकोट्या पेटवायला बापाबरोबर जागलेली. तिनं चार दिवसांनी अटी सांगितल्या: दारापर्यंत गाडी, शेडमध्येच स्वच्छतागृह, आणि लाइन थांबवायचा अधिकार लेखी. सुरुवातीला ऑपरेटर तिच्यासमोर उभे राहून जुन्या सुपरवायझरला फोन लावायचे. तिनं फोन लावू दिले. मग एका रात्री कन्व्हेअरचा गिअरबॉक्स गेला, जुना सुपरवायझर फोन उचलेना, आणि तिनं मेंटेनन्सच्या माणसाबरोबर जमिनीवर बसून तो उघडला. आज ती प्रॉडक्शन बघते. मागच्या पगारवाढीच्या करारात ती टेबलावर होती. युनियनचे प्रतिनिधी सुरुवातीला एचआरच्या साहेबांकडे तोंड करून बोलत होते. ओव्हरटाइमचे आकडे निघाल्यावर खुर्च्या तिच्याकडे वळल्या, कारण ते आकडे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हते.

मी गेले तेव्हा तिच्या केबिनमध्ये महिला दिनाच्या सत्काराची शाल आणि श्रीफळ तसंच पडलेलं होतं. ती त्रासलेली होती. म्हणाली, "मॅडम, दरवर्षी शाल देतात. मी सहा महिने झाले मागतेय ते थर्ड शिफ्टला एक इलेक्ट्रिशियन. आता त्या शिफ्टला अजून एक मुलगी इनचार्ज म्हणून येतेय. पॅनल ट्रिप झालं की ती काय करणार, शाल पांघरून बसणार?" मी मॅनेजमेंट रिव्ह्यूची मिनिट्स काढायला सांगितली. मुद्दा होता: थर्ड शिफ्टसाठी इलेक्ट्रिशियन, जबाबदारी एचआर, मुदत 31 जानेवारी. आम्ही बोलत होतो तेव्हा मार्च संपत आला होता आणि मुद्द्यापुढे 'प्रलंबित' एवढंच लिहिलेलं होतं, कारण नाही, नवी तारीख नाही. मी एनसी, म्हणजे ऑडिटमधली अधिकृत त्रुटी, लिहिली. मालकांच्या मुलानं सही करताना विचारलं, एवढ्याशा गोष्टीसाठी? मी म्हटलं, हो, आणि पूर्ततेला तीस दिवस आहेत.